निजलेली पेटी

तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आला की मला तामलवाडीचं आमचं कांद्याचं रान आठवतं. तिथं खांबावर जमिनीतली ओल मोजणारी पेटी होती, आणि तिचा ड्रायव्हर, म्हणजे आतल्या सेन्सरला ऑपरेटिंग सिस्टिमशी जोडणारा प्रोग्राम, मी लिहिला होता. सेन्सर झोपला तर वेळेवर उठायचा नाही या भीतीनं मी त्याला कायम जागा ठेवलेला. त्यामुळं पेटी तापायची आणि बॅटरी दुपारीच मान टाकायची. ते बघायला माझ्याच ऑफिसातली एक मुलगी पुण्याहून आली आणि तिनं बांधावर बसूनच ड्रायव्हर बदलला. संध्याकाळी वडिलांनी पेटीला हात लावला. "गार पडली की! बिघडली का काय?" "नाही काका, निजलीय," ती म्हणाली. "तुमच्या सामाईक विहिरीवर ज्याचं भिजवणं शेवटी संपतं, तोच मोटार बंद करून जातो ना? तसंच. कुणी काम सांगितलं की ही उठते, शेवटच्याचं काम उरकलं की निजते." वडील लई खूश झाले. मला म्हणाले, "आता कळलं बघ, तू करतूस काय ते!" विहीर आमची, वडील माझे, पेटीसुद्धा माझी, आणि समजावून सांगितलं तिनं! पोटात असं दुखायला लागलं की त्या मुलीला एसटीत बसवताना मी धड बोललोही नाही. आजही गावी गेलो की वडील पाहुण्यांना पेटी दाखवतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, "निजलीय." मग मी गुपचूप खिशातला मोबाइल काढतो, ओल मोजायला सांगतो आणि पेटीला उठवतो.