सावळी नव्हे, निळी

मिरजेहून निघालेली गाडी झाशीपर्यंत वेळेवर होती. पुढे धुक्यानं तिला असं धरलं की ग्वाल्हेरला उतरायला साडेपाच तास उशीर झाला. मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा, पायाशी दुपट्यांची पिशवी. माझ्या मुलीचं, प्राजक्ताचं, बाळंतपण दिलेल्या तारखेच्या दहा दिवस आधीच झालं होतं आणि तिची आई अजून रस्त्यातच होती.

स्टेशनवर जावई, अनिरुद्धराव, उभे होते. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दख्खनेतून इकडे आले. हे वीज खात्यात इंजिनिअर आहेत. मराठी बोलता बोलता हिंदीत शिरतात आणि त्यांना ते कळतही नाही. रिक्षात ते म्हणाले, “आई, बाळ एकदम शांत आहे. रोतच नाही.” रोत म्हणजे रडत. ते ऐकून मला बरं वाटलं होतं, हे लिहिताना आज लाज वाटते.

शिंदे की छावणीतल्या घरी विहीणबाईंनी, शालिनीताईंनी, गरम बेडई (डाळीचं वाटण भरलेली पुरी) आणि बटाट्याची झणझणीत भाजी वाढली. नाश्ता करून घ्या, मग अस्पताल, असा त्यांचा आग्रह. मी उभ्याउभ्याच दोन घास खाल्ले.

जयेंद्रगंजमध्ये दुकानांच्या वर ते प्रसूतिगृह होतं. एका खोलीत प्राजक्तासह पाच बाळंतिणी. मी नातीला उचललं आणि तिच्या ओठांकडे बघतच राहिले. जांभळं खाल्ल्यासारखे ओठ. प्राजक्तानं पाजायला घेतलं की दोन घोट ओढायची आणि दमून सोडून द्यायची. जानेवारीच्या थंडीत तिच्या कपाळावर घाम होता. मी डॉक्टरांना विचारलं, हिचा रंग असा का?

“बच्ची साँवली है, माताजी. पापा पर गई है.”

खोलीतले सगळे हसले. अनिरुद्धरावही ओशाळून हसले. मी त्यांचा हात ओढून बाळाच्या हाताशेजारी धरला. ते चांगले सावळे आहेत, पण नखं गुलाबी. बाळाची नखं शाई सांडल्यासारखी. डॉक्टरांनी तिकडे पाहिलंही नाही. थंडी आहे, मोजे घाला, असं सांगून त्यांनी घरी सोडायच्या कागदावर सही केली.

दुसऱ्या दिवशी अनिरुद्धरावांच्या आत्या सराफा बाजारातून चांदीचे वाळे घेऊन आल्या. वाळे घालण्याआधीच त्यांनी निकाल दिला: एक तर मुलगी, त्यात रंग असा, आत्तापासूनच मलई-बेसन चोळत राहा. आणि शालिनीताई खरंच वाटीत मलई घेऊन आल्या. प्राजक्तानं भिंतीकडे तोंड फिरवलं. चार दिवसांची बाळंतीण, आणि घरात चर्चा कसली, तर लेकीच्या कातडीची. बाळाची छाती मात्र भात्यासारखी हलत होती. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण वर्गातही माझा आवाज कधी असा चढला नव्हता.

“हिला मलई नको, डॉक्टर हवा. आत्ता.”

गल्लीच्या तोंडाशी एका तरुण डॉक्टरीणबाईंचा लहानसा दवाखाना होता. त्यांनी बाळाचा चेहरा पाहण्याआधी मोजा काढला आणि पायाला लाल दिव्याचा चिमटा लावला. आकडा एकाहत्तर. मग दुसऱ्या पायाला. मग स्वतःच्या बोटाला: अठ्ठ्याण्णव. पुन्हा बाळाला: सत्तर. रक्तातला प्राणवायू इतका कमी होता.

“किसी ने पैर में यह नहीं लगाया?”

कोणीही नाही. मी घड्याळ पाहिलं. या सगळ्याला दोन मिनिटंही लागली नव्हती.

मोठ्या इस्पितळात हृदयाची सोनोग्राफी झाली. हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांची जागा उलटसुलट झाली होती. शुद्ध रक्त फिरून फुप्फुसांतच जात होतं आणि अशुद्ध रक्त अंगभर. आईच्या पोटात असतानाची एक बारीक वाट अजून उघडी होती, म्हणून ती जिवंत होती. आणि ती वाट मिटत चालली होती. ती उघडी ठेवायला औषधाची धार सुरू केली. ऑपरेशन दिल्लीलाच होणार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अँब्युलन्स निघाली. मुरैन्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गजकची (कुटलेल्या तीळगुळाची खुसखुशीत मिठाई) दुकानं, पुढे चंबळ आणि तिचे बीहड (पाण्यानं कोरलेल्या मातीच्या घळी). एरवी मी यावर पानं भरली असती. त्या दिवशी माझे डोळे औषधाच्या पंपावरच्या हिरव्या दिव्यावर होते.

पुढच्या एका गावात हवालदारानं काठी आडवी धरली. कोणी पुढारी जाणार होते. मी खाली उतरले आणि आत काय आहे ते त्याला सांगितलं. त्यानं काचेतून डोकावून पाहिलं, मान खाली घातली, पण काठी बाजूला घेतली नाही. वरून हुकूम होता म्हणे. आम्ही अठरा मिनिटं उभे होतो. पंपाची बॅटरी टूं टूं करू लागली. बरोबरच्या नर्सनं दुसरी वायर शोधून जोडेपर्यंत प्राजक्ता बाळाच्या पायाला हात लावून बसली होती. मग हार घातलेल्या अकरा गाड्या गेल्या. एकाही गाडीत आजारी कोणी नव्हतं.

दिल्लीत सकाळी सुरू झालेलं ऑपरेशन सात तास चाललं. अक्रोडाएवढं हृदय, शेवयांसारख्या शिरा. प्राजक्तानं दूध काढून बाटलीत ठेवलं होतं. ती बाटली तिनं पदराखाली धरून ठेवली. दुपारी सर्जन बाहेर आले, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, “रक्त नीट फिरतंय. आता वाट बघू.” ते नागपूरकडचे निघाले. मराठी ऐकून ती पहिल्यांदा रडली.

पाचव्या दिवशी मला आत सोडलं. नळ्यांच्या जाळ्यात माझी नात झोपली होती. रंग बापाचाच, सावळा, देखणा. आणि दहाही बोटांची नखं गुलाबी.

तीन आठवड्यांनी आम्ही ग्वाल्हेरला परतलो. शालिनीताई दारातच प्राजक्ताला म्हणाल्या, “माझं चुकलं, बेटा.”

जयेंद्रगंजच्या डॉक्टरांना मात्र काहीच चुकल्यासारखं वाटलं नाही. मी आणि अनिरुद्धराव फाइल घेऊन गेलो. त्यांनी ती न वाचताच परत सरकवली.

“ऑपरेशन हो गया ना? फिर झगड़ा किस बात का?”

मी विचारलं, तुमच्याकडे तो पायाला लावायचा चिमटा आहे का? होता. ऑपरेशनच्या खोलीत, कपाटात. घरचे लोक मागत नाहीत, म्हणून बाळांना लावत नाहीत, असं त्यांचं उत्तर. मी बाहेर बाकांवर बसलेल्या गरोदर बायकांना सगळी हकीकत मोठ्यानं सांगितली. कंपाउंडर मला गप्प करायला आला, तेव्हा अनिरुद्धराव मध्ये उभे राहिले. जिना उतरताना ते म्हणाले, “मैं भी हँसा था, आई.” मी त्यांना खोटा धीर दिला नाही. संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून लेखी तक्रार केली. तिचं उत्तर अजून आलेलं नाही.

आता मी मिरजेला आहे. शेजारणी म्हणतात, पोर वाचली, आता राग सोडा. देवाची आणि त्या डॉक्टरीणबाईंची मी जन्माची ऋणी आहे, पण राग सोडणार नाही. त्या सकाळी त्या खोलीत आणखी चार बाळं होती. तीही मोजे घालून घरी गेली.