ग्रहणातली कात्री

दिंडोरीच्या द्राक्षबागांत साळूबाईसारखी घडातले जादा मणी कापून विरळणी करणारी बाई शोधून सापडायची नाही. पण ग्रहणाचं नुसतं नाव निघालं, तरी ती कात्री खाली ठेवून बागेबाहेर जाऊन बसायची. बायका हसायच्या. हसणाऱ्यांचं काय जातं?

योगिनीच्या वेळी तिला पाचवा महिना होता. ग्रहण आहे हे कोणी सांगितलं नाही, ती आपली घड कापत राहिली. पोर जन्मली ती वरचा ओठ दुभंगलेला घेऊन. सासूने, म्हणजे भागीबाईने, त्याच दिवशी निकाल देऊन टाकला, की हिच्या कात्रीनं माझ्या नातीचा ओठ कापला. पुढे नाशिकला ऑपरेशन झालं, ओठ छान जुळला, योगिनी शिकून सासरी गेली. भागीबाईचं तोंड काही मिटलं नाही.

नवरा केरू म्हणायचा, होऊ दे अजून एखादं. साळूबाईलाही हवं होतं, फार हवं होतं. शेजारणीचं तान्हं मांडीवर घेतलं की परत द्यावंसं वाटत नसे. पण आपल्या हातून पुन्हा तसंच झालं तर, या धास्तीने ती नाहीच म्हणत आली. म्हणता म्हणता वय निघून गेलं.

यंदा योगिनीला दिवस गेले. घरात आणखी कोणाला असं होतं का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा साळूबाईने मान खाली घालून कात्रीची गोष्ट सांगितली. बाई म्हणाल्या, कात्रीचा काही संबंध नाही, ओठ तर तिसऱ्या महिन्याच्या आतच घडून होतो. हे पुष्कळदा रक्तातून येतं, आईकडून किंवा बापाकडून. कधी कारण सापडतही नाही. दोन्हीकडे कोणाला बारीकशी खूण असली तरी कळवा. दुसरं मूल बहुतेक धडधाकट झालं असतं, असंही त्या सहज बोलून गेल्या. त्यांना ते सहजच होतं.

पुढच्याच महिन्यात भागीबाई गेली. दशक्रियेला सगळे रामकुंडावर जमले. केरूचा बाप तो पाळण्यात असतानाच वारला होता. भागीबाई त्याला घेऊन सिन्नरला माहेरी राहिली आणि त्याला चांगली मिशी फुटल्यावरच दिंडोरीला परतली. त्या मिशीचा केरूला भारी तोरा. तिला कधी वस्तरा लागला नव्हता. आज न्हाव्याने ती उतरवली आणि साळूबाई बघतच राहिली. नाकपुडीपासून ओठापर्यंत शिवल्याची रेघ होती, अगदी योगिनीसारखी.

"हे कशाचं हाय?"

"लहानपणी उंबऱ्यावर पडलो व्हतो. आई सांगायची."

त्याला खरंच तेवढंच ठाऊक होतं.

पिंड मांडला, पण कावळा शिवेना. केरूने हात जोडले, भावकीने जोडले. योगिनीचं बाळंतपण नीट करू, असा शब्द दिला. कावळा भिंतीवरून हलेना. शेवटी साळूबाईला पुढे केलं. बोलण्यासारखं तिच्याकडे जन्माचं साठलं होतं. संतापही आला.

"आत्याबाई, मला कळलं," ती हळू म्हणाली. "पोरीच्या डॉक्टरला खरं सांगते. तुमी जावा आता."

कावळा शिवला. लोक सुटले, चहाचं बघू लागले. साळूबाईने दिवस गेलेले म्हणून सासरीच राहिलेल्या योगिनीला फोन लावून तिच्या बापाच्या ओठाचं सांगितलं आणि घाटाच्या पायरीवर बसून राहिली. गेलेल्या माणसाची काय इच्छा राहिली, ते विचारायला सारा गोतावळा जमतो. तिला वाटत होतं, कोणीतरी आपल्यालाही विचारावं. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, मला ते दुसरं मूल हवं होतं.