यावे की येणे

अमेरिकेत, शॉमबर्गच्या आमच्या घराच्या वास्तुशांतीचं आमंत्रण मी मोठ्या हौसेनं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं : ‘सर्वांनी सहकुटुंब यावे.’ पहिलंच उत्तर सुलभाताई मेश्रामांचं. “भाऊ, ‘यावे’ म्हणजे ‘शुड’ झालं. नाही आलं तरी चालते. खरंच बोलवायचं असन तर ‘येणे’ लिहा. ते ‘शॅल’ असते.” मी घाबरून ‘येणे’ केलं. झाडून सगळे आले आणि श्रीखंड कमी पडलं. नीता, म्हणजे आमची बायको, आजही त्याचं खापर ‘शॅल’वर फोडते. म्हणजे माझ्यावर.

ताई आणि मी एकाच कंपनीत होतो. सरकारी खात्यांना सॉफ्टवेअर पुरवणारी छोटीशी कंपनी. मी प्रोग्रॅमर, सरकारनं घातलेल्या अटी आम्ही पाळतोय की नाही, हे बघणं ताईंचं काम. कुठलाही कागद हातात आला की त्या आधी क्रियापदं शोधायच्या. “शुड आपल्या मनावर, मे सरकारच्या मनावर. शॅल कोणाच्याच मनावर नसते,” असं त्यांचं म्हणणं.

हे वेड कुठून आलं, असं एकदा मी विचारलं. म्हणाल्या, “नागपूरले आमच्या घरी देवघर नव्हतं. घटनेची प्रत होती. बाबा वाचून दाखवत अन् मधेच थांबत. म्हणत, बघ पोरी, इथं ‘करील’ लिहिलं आहे, ‘करू शकेल’ नाही. त्या दोघांच्या मधात आपलं आख्खं आयुष्य आहे.” मी शाळेत व्याकरणात जेमतेम पास झालेला माणूस. चहा संपवला.

मध्यंतरी सरकारनं खरेदीच्या नियमांचं जाडजूड पुस्तक कापायला घेतलं. आमचा मालक डेव्ह खूश. भला माणूस, नीताचा चिवडा डब्यासकट पळवणारा. “सुलभा, निम्म्या कटकटी गेल्या!” असं तो ओरडत आला. ताई शांतपणे म्हणाल्या, “पुस्तक बारीक झालं, डेव्ह. सही नाही झाली.” कारण त्याच सुमाराला दुसरीकडे फास आवळला जात होता. सरकारी माहिती आम्ही कशी सांभाळतो, हे आता मालकानं स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं होतं. खोटं निघालं तर मालकावर खटला.

आमचं एकच अडलं होतं. गोदामातले जुने कॉम्प्युटर नुसत्या पासवर्डवर उघडायचे; फोनवर कोड येऊन होणारी दुसरी तपासणी त्यांना झेपतच नव्हती. नवे यायला वेळ होता आणि कॉन्ट्रॅक्टचं नूतनीकरण दारात. डेव्ह म्हणाला, “उन्हाळ्यापर्यंत करतोच आहोत ना, मग दुसरी तपासणी ‘आहे’ असं लिही.” ताईंनी ‘नाही’ लिहिलं. त्यांनी तपासल्याशिवाय डेव्ह सही करत नसे, त्यामुळे सगळंच अडलं.

माझी नोकरी त्याच कॉन्ट्रॅक्टवर. मी नीताला आणि चिवड्याला घेऊन ताईंच्या घरी गेलो.

“ताई, ‘आहे’ म्हणजे काय हो, जवळचा भविष्यकाळच की.”

“भाऊ, तुमच्या पुण्यात ‘आलोच’ म्हणून माणूस आंघोळीले जाते, माहीत आहे मले.” नीता फसकन हसली. कुणाची बायको आहे, हे अशा वेळी ती विसरते. “सरकारले ‘आहे’ लिहून दिलं, तर ते असलं पाहिजे नं.”

“माझी नोकरी जाईल हो.”

“माझी जाणार नाही का? मी काय दुसऱ्या कंपनीत आहे?” मग आवाज उतरला. “सही त्याची आहे, भाऊ. उद्या पकडलं तर तो अडकते. पोरगी कॉलेजात आहे त्याची. मी त्याले वाचवून राहिले, अन् त्याले वाटते बुडवून राहिले.”

चिवडा तिथंच ठेवून आम्ही परतलो. डेव्हनं दोन दिवस ताईंशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी आला, मुकाट्यानं ‘नाही’खाली सही केली. कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्यांकडे गेलं. आमचा विभाग बंद झाला. शेवटच्या दिवशी ताईंचं खोकं डेव्हनं स्वतः गाडीपर्यंत नेलं. डिकी लावून म्हणाला, “मुलीला सांगितलं मी, तू काय केलंस ते.” ताईंनी चष्मा पुसला. थंडी होती, वाफ आली असेल.

मग संध्याकाळी बसून त्यांनी माझा रेझ्युमे तपासला. “‘लीड केलं’ लिहिलं आहे. केलं होतं का?” मी म्हटलं, तसं नाही, पण मीटिंगला असायचो. ‘मदत केली’ झालं. रेझ्युमेचं एक पान कमी झालं.

ताई मुलाकडे, लांब अर्विंगला निघाल्या. निरोप द्यायला मी गेलो. म्हटलं, “ताई, अधूनमधून फोन करावा.”

“करावा?” एवढंच म्हणून हसल्या आणि गेल्या.

परवा त्यांचा मेसेज आला. ‘घर लागलं. दोघांनी येणे.’

“अगं, अजून नोकरीचा पत्ता नाही,” मी नीताला म्हणालो, “नंतर जाऊ. तिकिटं...”

“काढली,” नीता म्हणाली. “‘यावे’ असतं तर विचार केला असता.”