कोपरामागची नस

सुध्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. त्याचा मुलगा एवढंच म्हणाला, "काका, बाबा गेले... हार्ट." अर्ध्या गालावर साबण तसाच, आणि मी निघालो. वाटेत आठवलं, चारच दिवसांपूर्वी आर्णीच्या बसस्टँडवर चहा घेताना तो डावी करंगळी सारखी चोळत होता. "मुंग्या येऊन राह्यल्या लेका," म्हणाला, स्वतःच कोपर चाचपलं आणि निकाल दिला, "गाडीच्या हँडलनं नस दबली असंल." नंतर डॉक्टरांनी समजावलं, हृदयाकडून येणाऱ्या नसा आणि हाताच्या त्या कडेच्या नसा पाठीच्या कण्यात एकाच ठिकाणी पोचतात, ओरडतंय कोण, हे मेंदूला कळत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नसा चाचपल्या आणि स्वतःचीच ओळखता आली नाही! मला त्याचा राग येतो. माझा त्याहून जास्त येतो.

सुधाकर कुष्ठरोग सर्वेक्षणाचा कर्मचारी. उभी नोकरी गावोगाव हिंडण्यात गेली. अंगावर फिकट चट्टा दिसला की माणसाला डोळे मिटायला लावायचा, बॉलपेनचं टोक टेकवायचा आणि म्हणायचा, "कुठं लागलं? बोट ठेव." मग कोपर. कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या खाचेतून एक नस करंगळीकडे जाते. आपटलं की झिणझिण्या येतात, तीच. या जंतूला थंडावा आवडतो, म्हणून कातडीखाली उथळ असलेल्या नसा तो आधी धरतो आणि ती नस सुतळीसारखी जाड होते. सुध्याला सवयच लागली होती : हात हातात घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने कोपर दाबायचं. लोकांना वाटे, केवढा जीव लावतो! एका लग्नात तर स्टेजवर नवरदेवाचंही दाबलं. मी ओरडलो, "अबे, नवरदेव हाये तो, पेशंट नाई!" म्हणतो कसा, "नसेले काय माहीत आज लगन हाये म्हणून?"

माझंही कोपर असंच दाबलं त्यानं, मी त्याच्याच कचेरीत नवा कारकून लागलो तेव्हा. हसता हसता थांबला आणि माझं दुसरं कोपरही दाबून पाहिलं. आठवड्यापूर्वीच गरम पातेल्यानं माझी करंगळी भाजली होती आणि फोड येईपर्यंत मला पत्ता नव्हता. "हातावरची खबर वर मेंदूत जाते, तिथून हुकूम खाली येते," तो म्हणाला. "तुही खबरच जाऊन नाई राह्यली." वर्षभर तो गोळ्यांची पाकिटं घेऊन माझ्या खोलीवर यायचा, समोर बसून गिळायला लावायचा. मी बरा झालो. करंगळी तेवढी बधिर आणि वाकडी राहिली. पुढे लग्न झालं. बायकोला सांगितलं, सायकलवरून पडलो होतो. सुध्यानं कुणाजवळ ब्रसुद्धा काढला नाही.

माझ्यामागे मात्र हात धुऊन लागला. "तू एकदा लोकांत सांग ना बे. मी सांगतलं त लोकाईले सरकारी वाटते." मी दरवेळी टाळलं. बसस्टँडवरचं शेवटचं बोलणंही तेच होतं. बोरी अरबची एक तरुण सून, नवऱ्याला कळेल या भीतीनं गोळ्या सोडून बसली होती. "तिची नस अजून वाचते. चाल माह्यासंगं." मी म्हणालो, "पुढच्या आठवड्यात पाहू..." पुढचा आठवडा!

तेरवीनंतर मला घरात बसवेना. जेवायला बसलो की नजर करंगळीकडे, कचेरीत फाइल उघडली की करंगळीकडे. एका सकाळी गाडी काढली आणि बोरी अरब गाठलं. तिथल्या आरोग्यसेविकेनं त्या सुनेला आधी विचारलं, मग मला घरी नेलं. मी बाही वर सरकवली आणि म्हटलं, "दाबून पाह्य. मले झालतं. बरा झालो." तिनं भीत भीत बोट ठेवलं, माझी वाकडी करंगळी पाहिली. मग विचारलं, "काकाजी, तुमच्या घरी माहीत हाये काय?"

"नाई."

"मंग मले कायले सांगता?"

तसाच उठून घरी आलो. बायको डाळ निवडत होती. तिथेच बसलो आणि सगळं ओकून टाकलं. तिनं ताट बाजूला सरकवलं. "इतके वर्षं मी त्या सायकलीले शिव्या देऊन राह्यली!" आणि मग रडायलाच लागली. "रोगाचं काई नाई. तुमी मले परकं समजले." दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी साडी बदलून दारात उभी, "चाला बोरीले."

तिथे ती माझ्याकडे न बघता त्या पोरीला चिकटून बसली. "मले पाह्य. याईच्या ताटात जेवली, दोन लेकरं झाले, मले काई झालं नाई. पण याईनं लपवलं, ते लागलं. तू नवऱ्याले सांग. तो येईपर्यंत मी बसते इथंच." आणि खरंच बसली, दुपारभर. नवरा शेतातून आला. पोरीनं खाली मान घालून सांगितलं. तो दाराची चौकट धरून उभा होता. मग आत गेला आणि पाण्याचा गिलास भरून आणला. "कोणती गोळी हाये," म्हणाला, "घे खाऊन आता."

लेखाखाली माझं पूर्ण नाव आणि गाव छापा, असं संपादकांना कळवलं आहे. बायको अजून माझ्याशी धड बोलत नाही, पण मजकूर तिनंच पहिल्यांदा वाचला. सुध्यानं माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती. घे लेका, दिली... तू गेल्यावर दिली.