ड्रमवरचा सैल दोर

मोहिमेच्या फॉर्मवर मी दोन चुका केल्या. पहिली मेजरसाहेबांनी पकडली. जिल्ह्यासमोर मी उस्मानाबाद लिहिलं होतं, ते खोडून लातूर करायला लावलं. जिल्हा नवा होता, हात जुना. दुसरी चूक कुणाला दिसली नाही. 'पोहता येते काय?' यापुढे मी 'होय' लिहिलं. जळकोटजवळच्या आमच्या गावात मी विहिरीत पोहायचो, हे खरं. पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायचो, हे लिहायला फॉर्मवर जागा नव्हती.

आमच्या इंजिनिअर रेजिमेंटची शिडाची बोट मुंबईहून गोव्याला निघणार होती. पाच जण, कप्तान मेजरसाहेब. मी नायक, माझ्याकडे पुढचं शीड. जोडीला लान्स नायक गौतम, विष्णुपुरीच्या पलीकडच्या गावचा. गोदावरी आरपार पोहणारा गडी. भोपळ्याची गोष्ट मी फक्त त्याला सांगितली आणि त्या दिवसापासून भोपळेराव झालो.

"भोपळेराव, पाण्यात पडलात तर आवाज द्या," तो म्हणायचा. "पंचनाम्याला येतो."

पुढचं शीड एका तारेवर चटईसारखं गुंडाळलेलं असायचं. तारेच्या बुडाशी, बोटीच्या अगदी नाकावर, एक ड्रम. दोर ओढला की तार फिरते आणि शीड गुंडाळतं. शीड उघडलं की दोर आपोआप ड्रमवर चढतो. नियम एकच. उघडताना दोर हातात ताणून धरायचा, हळूहळू सोडायचा.

आता आमच्याकडची रीत ऐका. त्या साली पाऊस नव्हता, विहिरी तळाला गेल्या होत्या. इतक्या खोल बादली सोडताना दोर धरत बसलं तर मागच्या बाया शिव्या घालतात. दोर सैल सोडायचा, रहाट गरगरू द्यायचा, बादली आपटली की शेंदायचं. सुट्टीत महिनाभर मी हेच करून आलो होतो.

चौथ्या दिवशी 0610 ला मी शिडाचा दोर तसाच सोडला. ड्रम गरगरला, शीड फाडकन उघडलं.

"दोर धर की," गौतम म्हणाला. "ही काय तुझ्या गावची विहीर हाय का?"

"काम झालं का न्हाई? बघ, किती लवकर झालं."

"हाव, झालं खरं," म्हणत तो चहा ओतायला गेला.

1510 ला पश्चिमेकडून वारा आला. डाव्या हाताला खडक होते आणि भरलेलं शीड आम्हाला तिकडेच ढकलत होतं.

"पुढचं शीड गुंडाळा," साहेब म्हणाले.

मी दोर ओढला. हातभर आला आणि थांबला. विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या चरखीवर, घालून ओढला, तर आणखी आवळला. सकाळी सैल पडलेले वेढे एकमेकांखाली रुतले होते.

"विंच बंद. तार तोडशील. पुढे जाऊन हातानं सोडवा. ड्रमवर कोण?"

"मी, साहेब."

उठलो. गौतमनं कॉलर धरून खाली बसवलं. "बस. भोपळा न्हाई आणलास तू." मग साहेबांकडे वळून म्हणाला, "साहेब, मी जातो."

साहेबांनी शिडाचा ताण सोडला. शीड चाबकासारखं फडफडू लागलं. गौतम पोटावर सरकत नाकापर्यंत गेला. मी डोलकाठीजवळ दोर धरून बसलो. कठड्याखाली हात घालायला तरंगायचं जॅकेट आड येत होतं. त्यानं ते काढून माझ्याकडे टाकलं. कमरेला बोटीशी बांधून ठेवणारा पट्टा तिथवर पुरत नव्हता, म्हणून त्याचा हूकही सोडला. पोती शिवायचं दाभण त्याच्या खिशात असायचं. त्यानं वरचे वेढे मागे काढले आणि रुतलेला वेढा दाभणानं उचलला.

"ओढ," तो ओरडला.

मी ओढला. ड्रम फिरला, शीड गुंडाळत गेलं, बोट सरळ झाली. साहेब "शाब्बास" म्हणाले. तेवढ्यात लाट नाकावरून आत आली. ती ओसरली तेव्हा कठडा होता, गौतम नव्हता. वेळ 1521.

रेडिओवर आमच्यातला हवालदार बोलत होता, "मॅन ओव्हरबोर्ड. मॅन ओव्हरबोर्ड." मागे पाण्यात गौतमचं डोकं एकदा दिसलं. माझ्या अंगात एक जॅकेट होतं, मांडीखाली एक. मांडीखालचं फेकलं. वाऱ्यानं ते परत बोटीवर आणून टाकलं.

अंधार पडेपर्यंत आम्ही फिरलो. तो सापडला नाही.

चौकशीत मी फॉर्मवरचं 'होय' आणि सैल सोडलेला दोर, दोन्ही सांगितलं. एक पट्टी उतरली, लान्स नायक झालो. म्हणजे गौतमचीच रँक. अजून शेतात कुणी बैलाला 'ओढ' म्हणालं की माझी मूठ आपोआप आवळते.

सुट्टीत गौतमच्या गावी गेलो. गोदावरीच्या पात्रात नुसती वाळू होती. त्याची माय विहिरीवर पाण्याच्या रांगेत भेटली.

"जय भीम, माय," म्हणालो, आणि सगळं सांगितलं. दोर मी सैल सोडला. जागा माझी होती. मला पोहता येत नाही, म्हणून तो गेला.

"त्याला तर पोहता येत व्हतं," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाली. मग तिचा नंबर आला. तिनं बादली माझ्यापुढे सरकवली.

मी दोर ताणून धरला आणि हातामागे हात करत बादली खाली सोडू लागलो. रहाट कुरकुरत होता.

"ओ फौजी, सोडा की दोर," मागून एक बाई म्हणाली. "इथंच सांज करता का?"

"असू दे गं," माय म्हणाली. "सोडू दे त्याला हळू."

बादली पाण्याला टेकेपर्यंत मी दोर ताणूनच धरला.