दाजींचे पॉइंट

दुकानात शिरल्यावर माणसं भाव विचारतात, रंग विचारतात, टिकेल का विचारतात. आमचे दाजी आधी विचारायचे, "कार्ड चालतं का?" चालत नाही म्हटलं, की हातातला मिक्सर असो नाहीतर सतरंजी, ती खाली ठेवून माणूस दुकानाबाहेर. एकदा महाद्वार रोडवर आक्का चपला घालून बघत होती. एका पायात नवी, एका पायात जुनी. तेवढ्यात दाजींनी प्रश्न विचारला, दुकानदारानं मान हलवली आणि हे रस्त्यावर जाऊन उभे. "चल गं, हितं काय राम न्हाय." आक्कानं नवी चप्पल काढून ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू हे स्थळ मीच आणलं होतं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण मंगल. दाजी तिचे यजमान. स्थळ मी आणलं नव्हतं, पण ते कार्ड मात्र मीच आणलं होतं. मी बँकेत होतो. नव्वदीच्या अखेरीला आमच्या बँकेनं क्रेडिट कार्ड काढलं आणि प्रत्येक कर्मचाऱ्यानं निदान पाच गिऱ्हाइकं आणावीत असा वरून हुकूम आला. चार कशीबशी मिळाली. पाचवे दाजी. "सही करा, नंतर बंद करून टाकू," म्हणून मी त्यांच्यापुढे फॉर्म सरकवला. त्या फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, की खरेदीवर पॉइंट मिळतील आणि त्या पॉइंटांवर ठरावीक हॉटेलांत फुकट राहता येईल. आमच्या शाखेत ते कुणीही वाचलं नव्हतं. दाजींनी भिंग लावून वाचलं.

शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ते विक्रीचं काम बघायचे. पुणे, बंगळूर, मद्रास असा महिन्यातले दहा दिवस दौरा. राहण्याचा खर्च कंपनीचा. कार्डाचे पॉइंट ज्या हॉटेलांत चालत, त्याच हॉटेलांचं त्यांनी सदस्यत्व घेतलं आणि दौऱ्यात तिथंच उतरायला लागले. म्हणजे कार्डाचे पॉइंट वेगळे, मुक्कामाचे वेगळे, आणि दोन्ही एकाच पोत्यात. पुण्यात काम चाकणला आणि हॉटेल शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तरी ते पहाटे उठून दोन बस बदलून जायचे. मी म्हटलं, "दाजी, घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तसं झालंय तुमचं." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "पावणं, पैसं खर्च केलं की जात्यात. पॉइंट खर्च केलं की येत्यात. तुमी बँकेत असून तुमास्नी एवढं कळंना?"

तेव्हा कोल्हापुरात कार्ड घेणारी दुकानं बोटांवर मोजण्याइतकी. दुकानदार गल्ल्याखालून ते लोखंडी यंत्र काढायचा, त्यावरची धूळ झटकायचा, कार्बनचा कागद शोधायचा, मग मंजुरीसाठी फोन लावत बसायचा. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली. दाजी वळून त्यांना सांगायचे, "थांबा की जरा, पॉइंट पडाय लागल्यात." पेट्रोलला कार्ड चालणारा पंप त्यांना कागलच्या रस्त्याला सापडला. राजारामपुरीतून स्कूटर तिकडे न्यायची, टाकी भरायची आणि परत यायचं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हा. पण हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. ते फक्त कोंबडी मोजायचे.

आपल्याकडे लग्नाचा बस्ता बांधायला वीस-पंचवीस माणसं तरी जातात. दाजींनी त्यात शेत पाहिलं. भावकीत कुणाचंही लग्न ठरलं की हे आपणहून हजर. मुरगूडचे, बिद्रीचे, कुणाचे कोण. साड्या, पातळं, टोप्या, टॉवेल यांची गाठोडी बांधून झाली, की दाजी पुढं होऊन आपलं कार्ड द्यायचे आणि वरबापाकडून रोख घ्यायचे. एका लग्नात त्यांनी नवरीच्या मामाला भर दुकानात समजावलं, की आहेराच्या साड्या अजून चार वाढवल्या तर बरं दिसेल. मामानं वाढवल्या. त्या चार साड्या दाजींच्या पॉइंटांसाठी होत्या, हे त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही. मी लाजेनं बाहेर जाऊन पान खाल्लं.

हे सगळं कशासाठी, हे सांगायला हवं. आक्काचं घर म्हणजे धर्मशाळा होती. मुरगूडहून कोर्टाला आलेला आक्काकडे, दवाखान्याला आलेला आक्काकडे, परीक्षेला आलेली पोरं आक्काकडे. चुलीवरचं चहाचं पातेलं उतरायचं नाही. लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी नवरा-बायको दोघंच असे कुठं गेले नव्हते. एकदा शेंगा फोडता फोडता ती सहज म्हणाली, "मला दोन दिवस अशा जागी ऱ्हायाचंय, जितं सकाळी उठून कुनाला च्या कराय लागायचा न्हाय. समुद्र असला तर बरं. नसला तरी चालंल." दाजींनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला, त्यावर गोव्यातल्या एका हॉटेलचं नाव आणि किती पॉइंट लागतील तो आकडा. तेव्हापासून या माणसाचा राग करावा तरी पंचाईत आणि न करावा तरी पंचाईत.

दोन रात्रींचे पॉइंट दोन वर्षांत झाले. मी म्हटलं, "आता जा." दाजी म्हणाले, "ही खोली बागंकडची हाय. समुद्राकडचीला अजून थोडं लागत्यात." तेवढे झाले. तर चार रात्री घेतल्या की म्हणे न्याहारी फुकट. ते जमेपर्यंत हॉटेलवाल्यांनी आकडाच वाढवला. कपाटातला कागद तीनदा बदलला. मी आवाज चढवला की दाजी शांतपणे म्हणायचे, "पाडाला लागल्याबिगर आंबा उतरत्यात व्हय, पावणं?" आंबा राहिला झाडावर आणि आक्का राहिली स्वयंपाकघरात.

शेवटी सहाव्या वर्षी एकदाचं पत्र आलं. चार रात्री, समुद्राकडची खोली, दोन माणसं. दाजींनी ते पत्र प्लॅस्टिकमध्ये घालून घेतलं आणि तिथंच घात झाला, कारण प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद माणूस दाखवतोच. मुरगूडहून त्यांच्या थोरल्या बहीण आल्या होत्या. आम्ही सगळे त्यांना आत्या म्हणायचो. आत्यांनी पत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "फुकट हाय न्हवं? मग आमी काय पाप केलंय?" दाजींच्या तोंडून नाही निघेना. मी त्यांना बाजूला घेतलं, चार शब्द सुनावले. तर मलाच म्हणाले, "भाड्याची खोली असती तर गोष्ट येगळी. फुकटचं आपुन दोघांनीच भोगायचं? जत्रंचं मटन कोन दार लावून खातंय का?"

झालं. दोघांची नऊ माणसं झाली. एक जीप ठरली. पीठ, तांदूळ, चटणीचा डबा, दोन पातेली आणि पितळी स्टो. त्या नऊ जणांत मीसुद्धा होतो, हे कबूल केलेलं बरं. जीपमध्ये जागा आहे म्हटल्यावर माझाही पाय घरात ठरला नाही. हॉटेलात दाजी आणि आक्का उघड आणि बाकीचे आम्ही एक-एक, दोन-दोन करून मागच्या जिन्यानं खोलीत गेलो. खोलीतून समुद्र खरोखरच दिसत होता. सगळे गॅलरीत. "आयला, लईच मोटा हाय की," असं कुणीतरी म्हणालं. संध्याकाळी हॉटेलचा चहा आला. आत्यांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "ह्यात दूद न्हाय, साकर न्हाय. मंगल, आपल्यासारका टाक की जरा."

खोलीत स्टो पेटवला तर हॉटेलवाले येतील, म्हणून आक्कानं तो न्हाणीघरात नेला, दार लावून घेतलं आणि कमोडच्या शेजारी बसून नऊ माणसांचा चहा केला. रात्री पिठलं-भात. सकाळी परत चहा, मग पोहे. सकाळच्या दुसऱ्या चहाची फर्माईश झाली तेव्हा तिनं चहा केला, गाळला, सगळ्यांना दिला, स्टो विझवला, हात धुतले आणि पिशवी उचलली. दाजींना म्हणाली, "मी जाते." आवाज चढवला नाही. दाजी कपबशी हातात घेऊन नुसते उभे राहिले. मी तिच्यामागं धावलो. मडगावहून एसटी मिळाली. आंबोलीच्या घाटात ती म्हणाली, "खोली समुद्राकडची हुती रं. न्हानीला तेवढी खिडकी न्हवती." मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दाजी सगळ्यांना घेऊन परत आले. दोन रात्री वाया घालवून. त्या माणसाला ते किती जड गेलं असेल, ते मीच जाणे. त्यांनी माफी मागितली नाही, त्या पिढीत ती पद्धत नव्हती. पण पॉइंटांचं नाव घरात बंद झालं. बस्त्याला जाणं बंद झालं. मला वाटलं, वेड उतरलं. मग एकदा कागलच्या रस्त्याला त्याच पंपावर स्कूटर घेऊन रांगेत उभे दिसले. मला बघून दचकले. "कुनाला बोलू नगासा, पावणं. ह्या टायमाला दोघंच. कुत्र्यालासुद्धा सांगनार न्हाय." किती झाले, विचारलं. दोन रात्रींपुरते झाले होते. "मग आज, आत्ताच्या आत्ता बुकिंग करा," मी जवळजवळ ओरडलो. ते म्हणाले, "दिवाळी हू दे की. थंडीत समुद्र चांगला असतोय."

दिवाळीच्या आधीच दाजी गेले. साधा ताप म्हणून निजले आणि पंधरा दिवसांत खेळ आटोपला. पंचगंगेच्या घाटावर मला रडू येण्याआधी राग आला. असा माणूस, ज्यानं आंबा हातात धरून ठेवला आणि खाल्ला नाही, खाऊ दिला नाही! त्याच्याशी आता भांडायचंही राहिलं नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर कार्ड बंद करायचं काम माझ्याकडे आलं. ते बंद केलं आणि मग हॉटेलच्या कचेरीला फोन लावला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, सदस्य वारले की पॉइंट संपतात. ते कुणाच्या नावावर करता येत नाहीत. ज्या पॉइंटांची मी दहा वर्षं टिंगल केली, त्यांच्यासाठी मी तीन महिने भांडलो. मृत्यूचा दाखला पाठवला, बँकेच्या लेटरहेडवर अर्ज केला, वरच्या साहेबांची नावं काढून पत्रं लिहिली. दोनच रात्री द्या, बागेकडच्या द्या, एका बाईला द्या. शेवटी दोन ओळींचं उत्तर आलं, नियमात बसत नाही.

ते पत्र घेऊन मी खालमानेनं आक्काकडे गेलो. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "भाडं किती असतंय रं तितलं, एका रातीचं?" मी सांगितलं. ऐकून दाजी पुन्हा एकदा गेले असते, असा आकडा होता. आक्का म्हणाली, "दोन राती सांग. समुद्राकडची. माज्या पैशानं."

वर्षश्राद्ध झाल्यावर आम्ही निघालो. विधवा बाई हौसेनं गोव्याला निघाली, म्हणून भावकीत कुजबुज झाली. ती कुणी थांबवली असेल, तर मुरगूडच्या आत्यांनी. आदल्या दिवशीच पिशवी घेऊन आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "जा तू. हितला च्या मी बगते." मी आक्काला पोचवणार आणि गावातल्या लॉजवर उतरणार, असं ठरलं होतं.

काउंटरवर आक्कानं स्वतःच्या पाकिटातून भाडं भरलं. पावती देता देता तिथली मुलगी हसून म्हणाली, "मॅडम, आमची मेंबरशिप घ्या ना. आजपासूनच पॉइंट सुरू होतील. पुढच्या वेळी फुकट राहता येईल." माझं डोकंच फिरलं. मी "नको, नको" म्हणत पुढं झालो, तर आक्कानं हातानं मला मागं सारलं आणि फॉर्म घेतला. चष्मा लावला. नाव, गाव, पत्ता वाचत बोट खाली खाली नेलं. कागद उलटा करून मागची बारीक अक्षरंसुद्धा तिनं शेवटपर्यंत वाचली.

"बाळ," ती म्हणाली, "मानूस गेल्यावर हे पॉइंट कुनाला द्यायचं, ते लिवायची जागा कुटं हाय ह्यात?"

मुलगी गोंधळली. म्हणाली, "तशी जागा नसते, मॅडम."

"मग ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाली. फॉर्म तिच्याकडे सरकवला, चावी उचलली आणि माझ्यासाठी न थांबता जिन्याकडे चालू लागली.