ढोलकी पयते

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. आई म्हणते, "हे पोरगी नाही बाप्पा, शेगडी होय." पण ज्या गोष्टीवर डोकं तापतं, तिचा मी मग पिच्छाही सोडत नाही. असं का झालं, कुठून झालं, हे कळेपर्यंत मला जेवण गोड लागत नाही.

सिंदी रेल्वे ह्या आमच्या गावात डीजे वाजवणारी बाई मी एकटीच. सुरुवातीला लोक नवरीपेक्षा मलाच पाहायला यायचे. आता सवय झाली. हळद, मेंदी, डोहाळजेवण असे बायकांचे कार्यक्रम असले की मलाच बोलावतात. स्पीकरचे दोन मोठे डबे, एक लॅपटॉप, एक माइक, एवढा माझा संसार.

मागच्या हिवाळ्यात मागच्या गल्लीतली एक मुलगी एक कॅसेट घेऊन आली. तिचं लग्न ठरलं होतं. म्हणाली, "ताई, माह्या हयदीले हे वाजवजो. आबाजीचं गानं हाय. पन खालून बीट टाकजो, नाचता आलं पायजे."

कॅसेटवर पेनाने लिहिलं होतं, वडनेर. ते वाचलं आणि माझ्या कानशिलात ठण्णकन् वाजलं.

तिच्या आबाजींना, म्हणजे आजोबांना, आम्ही काकाजी म्हणतो. एके काळी त्यांची गायन पार्टी होती. जयंतीला, विहाराच्या कार्यक्रमात, लग्नात भीमगीतं म्हणायचे. पार हिंगणघाट-समुद्रपूरकडून बोलावणी यायची. त्या पार्टीत ढोलकीवर माझे बाबा. दोघं कापसाच्या एकाच जिनिंगमध्ये कामाला, एकाच सायकलवर डबलसीट जाणारे.

मग वडनेरचा कार्यक्रम झाला. मी तेव्हा दुसरीत होते, आईला टेकून बसले होते. एका गाण्याचं शेवटचं कडवं चालू असताना काकाजी मध्येच थांबले आणि भर माइकवर बाबांना म्हणाले, "थांब गा, थांब! तुही ढोलकी पयते." म्हणजे तुझी ढोलकी पळते, लय सोडून पुढे जाते. अख्खा मांडव हसला. बाबांनी खाली मान घालून उरलेला कार्यक्रम वाजवला. त्यानंतर ढोलकीला हात लावला नाही आणि काकाजींशी शब्द बोलले नाहीत. दोन्ही घरच्या बाया एकमेकींकडे जात-येत राहिल्या. बाप्ये मात्र समोरासमोर आले की एक डावीकडे पाहणार, दुसरा उजवीकडे. आणि आमच्या वस्तीत अजूनही कोणी घाई केली की म्हणतात, "काऊन बे, ढोलकी पयते का?" नवीन पोरांना तर ही म्हण कुठून आली तेही माहीत नाही. बाबांना माहीत आहे. मी शाळेत ह्या म्हणीवरून दोघींच्या झिंज्या उपटल्या आहेत.

तर त्याच कार्यक्रमाची कॅसेट घरात आली. बाबांना सांगितलं नाही. शेजाऱ्यांकडून जुना टेप आणला, वायरने लॅपटॉपला जोडला आणि गाणं आत घेतलं.

गाण्याखाली नवा ठेका बसवायचा तर आधी ग्रिड लावावी लागते. म्हणजे काय, तर गाण्याचा आवाज पडद्यावर चढउतारांच्या पट्टीसारखा दिसतो आणि त्यावर प्रत्येक ठोक्याला एक उभी रेघ मारायची. आवर्तनाचा पहिला ठोका असेल तिथे लाल रेघ. रेघा बरोबर बसल्या की मशीनला कळतं, आता पाय कुठे पडणार. आजकालची गाणी मशीनवरच बनतात, त्यांना सॉफ्टवेअर आपोआप रेघा मारतं. ह्या गाण्यावर त्याने मारलेल्या रेघा पाहून मला हसू आलं. तबल्यावर मांजर सोडलं असतं तरी बरं वाजवलं असतं.

म्हणून हाताने बसले. पहिली लाल रेघ गाण्याच्या पहिल्या शब्दावर ठेवली, एकच वेग धरला आणि पुढच्या रेघा सॉफ्टवेअरला मारू दिल्या. पाहते तर काय, ढोलकीचा मोठा ठोका प्रत्येक वेळी रेघेच्या आधी! पहिल्याच ओळीपासून. म्हणजे काकाजी खरं बोलले होते की काय? बापाची ढोलकी खरंच पळत होती?

लॅपटॉप बंद केला. भाकरी थापायला बसले, दोन करपवल्या. आई म्हणाली, "ध्यान कुठी हाय वं तुहं?" मी म्हटलं, पहिल्या शब्दावर. आणि म्हणता म्हणता माझंच मला लक्षात आलं. आमच्याकडे गाणं म्हणजे शब्द. लोक गायन पार्टीला शब्द ऐकायला येतात, ओळ आवडली की पुन्हा म्हणायला लावतात. म्हणून मी विचार न करता शब्दाला पहिला मान दिला. पण मुखडा दरवेळी समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर, सुरू होतो का? कधी ढोलकीची सम आधी पडते आणि शब्द तिच्यामागून उचलतात. हे मला बाबांनीच लहानपणी मांडीवर थाप मारून शिकवलं होतं. रेघच मी चुकीच्या जागी मारली होती, आणि आळ बापावर!

लाल रेघ उचलून समेवर ठेवली. पहिलं कडवं असं चपखल बसलं की मी एकटीच टाळ्या वाजवल्या. पण दुसऱ्या कडव्यापासून पुन्हा ढोलकी रेघांच्या पुढे जायला लागली आणि चौथ्यापर्यंत चांगलीच पुढे गेली. आता रेघेची चूक नव्हती. वेग खरंच वाढत होता.

वाटलं, कॅसेटच जुनी, फीत ढिली झाली असेल, टेपच पुढे जोरात फिरत असेल. पण टेप जोरात फिरला तर सगळंच चढेल, पेटीचा सूरही चढेल. सुरुवातीचा पेटीचा सूर आणि शेवटचा सूर शेजारी ठेवून ऐकले. केसाचाही फरक नव्हता. टेप निर्दोष सुटला.

मग कोण? आता मला चैनच पडेना. एकेक आवर्तन घेतलं, आधीची रेघ पक्की करायची, पुढच्या समेवर नवी मारायची. तीन दिवस दुपारभर हेच. असं करता करता रेघा कुठे एकमेकींजवळ येतात ते दिसायला लागलं. वाटेल तिथे येत नव्हत्या. लांब ओळ संपली की तिथेच. मी पट्टी मोठी करून पाहिली. ओळीचा शेवटचा शब्द काकाजी आखूड तोडत होते आणि पुढचा शब्द वेळेआधी उचलत होते. ढोलकी त्या क्षणी आपल्या जागीच असायची. मग दोन ठोक्यांत ती पुढे सरकून त्यांना गाठायची. आधी आवाज, मग ढोलकी. सात जागा सापडल्या, सातही जागी तसंच. सातव्या जागी तर कान देऊन ऐकलं तेव्हा हूं करून ओढलेला श्वासही ऐकू आला.

मी लॅपटॉप उचलला आणि तडक अंगणात गेले. बाबा तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसले होते.

"बाबा, तुमची ढोलकी पयत नव्हती. काकाजी पयत होते. माझ्याजवळ पुरावा हाय!"

बाबांनी शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले. मी लावलेलं गाणं ऐकलं पूर्ण. पडद्याकडे पाहिलंही नाही.

"मले मालूम हाय," ते म्हणाले.

"मालूम हाय म्हणजे? कधीपासून?"

"तवापासून. जिनिंगमंदी रुई उडते, थे छातीत जाते. त्याची छाती भरून येत होती. लंबी ओय घेतली का दम सरे, मंग तो घाई करे. मी जागेवर राह्यलो असतो तं लोकायले समजलं असतं का गायक थकला. म्हनून मी त्याच्या मागं जाओ."

"अन् त्यानं माइकवर तुमचंच नाव घेतलं! तवा बोलले काऊन नाही?"

"बोललो असतो तं त्याले कोनं बलावलं असतं, माय? ढोलकीवाले गल्लोगल्ली होते. गायक तो एकटाच होता."

माझा असा संताप झाला की रडूच आलं. एवढी वर्षं ह्या माणसाने गावाचं हसू पदरात घेतलं, आणि कोणासाठी, तर हसवणाऱ्यासाठी! मी म्हटलं, आत्ता जाऊन दाखवते त्याला. बाबा एवढंच म्हणाले, "काई सांगू नको. पोरीची हयद हाय. गानं वाजव."

पुढचा प्रश्न होता, ठेका कसा बसवायचा. सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय असते की गाणंच ताणून-दाबून सरळ रेघांवर बसवता येतं. करून पाहिलं. काकाजींचा तो श्वास ताणला जाऊन घोरल्यासारखा ऐकू यायला लागला. मोडून टाकलं. म्हटलं, नवा ठेकाही बाबांसारखाच वाजेल. काकाजी जिथे घाई करतील तिथे हाही सरकेल. ते माइकवर बोलले त्याच्या आधी गाणं कापलं आणि तयार केलं.

हळदीच्या दिवशी पाच वाजता गाणं लावलं. बाया अशा नाचल्या की पाहत राहावं. काकाजी खुर्चीवर बसले होते, अंगभर हळद, हातात काठी. गाणं अर्ध्यावर आलं तसे उठले आणि माझ्या टेबलापाशी आले.

"ह्या रेघा काय होय?"

मी सांगितलं, प्रत्येक ठोक्याला एक. ते वाकून पाहत राहिले. आवाज गेला तरी त्या माणसाचे डोळे अजून नवं काही दिसलं की लहान पोरासारखे होतात. मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "इथं जवय जवय काऊन आल्या?"

बाबांनी सांगू नको म्हटलं होतं. जीभ दाताखाली धरली.

"ढोलकी पयली का?" ते म्हणाले.

तेव्हा मात्र शेगडी पेटली. "काकाजी, मी काई सांगणार नाही. तुमचं गाणं हाय, तुम्हीच आयका!" आणि मी हेडफोन त्यांच्या कानाला लावून ती जागा पुन्हा वाजवली. मग दुसरी. मग तिसरी. सातव्या जागी त्यांनी डोळे मिटले.

"याच्या पुढं काय हाय?"

"कापलं."

"लाव."

मूळ रेकॉर्डिंग लावलं. त्यांनी स्वतःचा आवाज ऐकला, थांब गा, थांब. आणि वडनेरचं हसूही ऐकलं, पुरतं. हेडफोन काढून टेबलावर ठेवला. समोर बायांचा नाच चालूच होता.

"माइक दे," ते म्हणाले.

मी गाणं बंद केलं. बाया हात वर तसेच ठेवून माझ्याकडे रागाने पाहायला लागल्या. काकाजींना एका दमात दोन-तीन शब्दच निघतात, त्यामुळे वेळ लागला.

"जयभीम. वडनेरले मी माइकवर एक बोललतो. तुमी सारे अजून म्हनता थे. ढोलकी पयते. ढोलकी नव्हती पयत. मी पयत होतो." दम घेतला. "दम लागला का मानसाले वाटते, मागून कोनी हाकलून राह्यलं. थो मले हाकलत नव्हता. सांभायून राह्यला होता. माह्यं चुकलं."

नवरीने येऊन त्यांना धरून खुर्चीवर बसवलं आणि मला म्हणाली, "ताई, गानं लाव ना." मी लावलं. आवाज आधीपेक्षा मोठाच लागला.

आमचं घर तिथून दोन गल्ल्या पलीकडे आहे. माझे डबे वाजले की स्टेशनपर्यंत ऐकू जातं. सामान बांधून घरी आले तेव्हा बाबा खाटेवर बसले होते. आईने मागून मला खूण केली, तोंडावर पदर धरून, की फाटकापाशी उभे होते इतका वेळ, चप्पलही न घालता.

बाबा म्हणाले, "थो काय बोलला वं माइकवर? बराबर आयकू नाही आलं."

मी सगळं सांगितलं, शब्दाला शब्द.

"कोन पयत होतं म्हने?"

"ते सवता, बाबा. सवता म्हणाले."

"माइकवर?"

"माइकवर."

"लोक होते?"

"सारे होते."

बाबांनी मान हलवली. मग जरा सरकून खाटेवर माझ्यासाठी जागा केली आणि म्हणाले, "आनखी एकडाव सांग."